गळामागचा हेतू : दख्खनमधील हौशी मासेमारीचा इतिहास

मासे धरण्याच्या साधनांत गळ हे सर्वांत कमी फलदायी साधन आहे. नदीत आडवे बांधलेले जाळे रात्रभरात टोपली भरून देते, पाग म्हणजे हाताने भिरकावण्याचे गोल जाळे एका फेकीत दहा-वीस मासे ओढून आणते, तर गळाला एका वेळी एकच मासा लागतो आणि तोही लागेलच याची खात्री नसते. असे असूनही हे साधन हजारो वर्षे टिकले, इतकेच नव्हे तर ज्यांना पोटासाठी मासे धरण्याची गरज नव्हती अशा माणसांनी बहुतेक वेळा हेच साधन निवडले, यावरून गळाचे मोल केवळ मिळणाऱ्या माशांवर कधीच ठरत नव्हते हे उघड होते. उपजीविकेसाठी किंवा घरच्या कालवणासाठी नव्हे, तर मुख्यतः करमणुकीसाठी केलेल्या अशा मासेमारीला येथे हौशी मासेमारी म्हटले आहे. मराठीत तिच्यासाठी वेगळा जुना शब्द नाही. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणे म्हणतात, पण गरवणारा हौसेने बसला आहे की गरजेने, हे त्या शब्दावरून कळत नाही. हा फरक कृतीत नसून हेतूत असतो, आणि दख्खनमधील या मासेमारीचा इतिहास हा प्रामुख्याने बदलत गेलेल्या हेतूंचा, तसेच त्या हेतूंना समाजाने वेळोवेळी दिलेल्या नावांचा इतिहास आहे.

करमणुकीसाठी जीव मारण्याविषयीचे या प्रदेशातील सर्वांत जुने लेखी मत मुंबईजवळच्या सोपाऱ्याला सापडले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि तत्सम मौजेसाठी बाहेर पडत, त्याऐवजी आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर धर्मयात्रा सुरू केली, असा त्या लेखाचा आशय आहे. मासे या लेखात येत नाहीत. ते येतात राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात. त्यात काही जातींच्या माशांना अभय दिले आहे, ठरावीक पौर्णिमांच्या आणि उपोसथाच्या म्हणजे उपवासाच्या दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे, आणि कैवर्तांच्या म्हणजे मच्छीमारांच्या राखीव पाण्यांतील इतर जीवांनाही त्या दिवसांपुरते संरक्षण दिले आहे. मच्छीमाराचा धंदा येथे बंद केलेला नाही, त्याला केवळ तिथींची मर्यादा घातली आहे. राजाच्या मौजेची शिकार मात्र मुळातूनच सोडून दिली आहे. पोटासाठी आणि मौजेसाठी मारणे यांतला फरक राज्यकर्त्याच्या पातळीवर एवढ्या आधी केला गेला होता, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याच्या नेमकी उलट भूमिका बाराव्या शतकातल्या एका राजाने घेतली. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, इसवी सन ११२६ च्या सुमारास गादीवर आला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण होय, आणि आजच्या मराठवाड्याचा व दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात मोडत होता. त्याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ मराठी वाचकांना मुख्यतः एका नोंदीमुळे ठाऊक असतो : महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असे त्यात सांगितले आहे. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून त्याने कसे खेळावे येथपर्यंतचे विषय या ग्रंथात पाच विंशतींत, म्हणजे वीस-वीस प्रकरणांच्या पाच भागांत, मांडले आहेत. चौथी विंशती विनोदांची आहे. विनोद या शब्दाचा तेथील अर्थ हास्य असा नसून मन रमवण्याचे साधन असा आहे, आणि शस्त्रविद्या, हत्ती-घोड्यांची दौड, कुस्ती, कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी, गायन, नृत्य, कथा यांच्या रांगेत तेथे 'मत्स्यविनोद' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ते श्येनविनोद म्हणजे ससाण्याकरवी केलेली शिकार आणि मृगयाविनोद म्हणजे रानातली शिकार यांच्या मधोमध येते.

या प्रकरणात पस्तीसेक प्रकारच्या माशांची नोंद आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवले असलेले आणि केवळ कातडी असलेले, आकाराने मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची वर्गवारी केली आहे, आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, त्याला कसे लालचावावे, दोरी, काठी आणि गळ कसा असावा, हे सांगितले आहे. माशाची जात ओळखून त्याप्रमाणे आमिष निवडायचे, हे गळाच्या विद्येचे मूळ सूत्र येथे पूर्णपणे हाती आलेले दिसते. असे ज्ञान राजवाड्यात बसून तयार होत नाही. कोणता मासा डोहाच्या तळाशी राहतो आणि कोणता वाहत्या पाण्यात, कोण मांस खातो आणि कोण कणीक, हे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर राबलेल्या लोकांचे ज्ञान होते. ग्रंथाने ते संस्कृतात आणून राजाच्या हाती दिले. त्याहून सूचक गोष्ट अशी की मासे शिजवण्याच्या कृती या ग्रंथात वेगळ्या जागी, उपभोगांच्या विंशतीतील अन्नभोग या प्रकरणात आहेत. मासा धरणे हा एक विषय आणि मासा खाणे हा दुसरा विषय, अशी ही मांडणी आहे, आणि या दोन गोष्टींची फारकत झाली की हौशी मासेमारी जन्माला येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा मत्स्यशास्त्राच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा गळाची मासेमारी हा युरोपातून आलेला छंद आहे ही समजूत निदान ग्रंथप्रमाणाच्या पातळीवर निकाली निघाली.

तरीही सोमेश्वराचा मत्स्यविनोद ही समाजाची रीत बनली नाही. गळाविषयी मराठी मनाची जी घडण झाली तिच्यामागे दरबारी ग्रंथ नव्हते, कीर्तन आणि पुराण होते. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत मासाही आहे, आणि त्याच्यापासून घ्यायचा धडा असा की जिभेच्या लोभाने आमिष गिळणारा जीव गळाला अडकून मरतो. एकनाथांनी शके १४९५ म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात या स्कंधावर मराठीत विस्ताराने निरूपण केले आणि हा दृष्टान्त घरोघरी पोहोचला. या कथेत श्रोत्याला माशाच्या जागी उभे केले जाते. काठी धरणाऱ्याच्या कौशल्याला, धीराला किंवा आनंदाला तेथे थारा नाही. भाषेतही हाच कल उतरला आहे. 'गळाला लागणे' म्हणजे फसणे, 'गळ टाकणे' म्हणजे कोणाला जाळ्यात ओढण्याची तजवीज करणे, आणि 'आमिष दाखवणे' हा तर सरळ आरोप आहे. ज्या भाषेत गळाशी जोडलेले बहुतेक वाक्प्रचार कपटाचे आहेत, तेथे गळ टाकून बसण्याला प्रतिष्ठेचा छंद म्हणून मान्यता मिळणे सोपे नव्हते.

याचा अर्थ गावोगावी मौजेने मासे धरले जात नव्हते असा मात्र नाही. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट ओढ्या-वहाळांत आणि भातखाचरांत शिरतात, त्यांना कोकणात चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या रात्री कंदील घेऊन बाहेर पडणाऱ्यांत शेतकरी, गुराखी, शाळकरी मुले असे सर्वच असतात. काठीला दोरा, दोऱ्याला गरी, गरीला गांडूळ लावून दुपार काढणारा मुलगा घाटावर नदीकाठी दिसतो तसा खाडीकाठीही दिसतो. पण या सर्वांत खाणे आणि खेळणे एकमेकांत मिसळलेले असते, मिळालेला मासा घरी जातोच, आणि म्हणून त्याला कोणी विनोद किंवा छंद असे नाव दिले नाही. दुसरीकडे देशावर गोड्या पाण्यातील मासेमारी हे भोई समाजाचे आणि किनाऱ्यावर समुद्रातील मासेमारी हे कोळी समाजाचे जातिगत काम मानले गेल्याने, उच्चवर्णीय माणसाने काठी घेऊन पाण्याकाठी बसणे हे त्याच्या दर्जाला शोभणारे समजले जात नसे.

माशाशी नाते जोडण्याची आणखी एक रीत सह्याद्रीत होती आणि तिच्यात गळाला पूर्ण बंदी होती. नदीच्या पात्रातील खोल डोहाला कोकणात कोंड म्हणतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड हा असाच एक डोह असून तो वरदायिनी देवीचा मानला जातो. तेथील मोठाले मासे देवीचे आहेत अशी श्रद्धा असल्याने त्यांना कोणी धरत नाही, आणि भाविकांनी टाकलेल्या कुरमुऱ्यांवर ते काठाशी येऊन झुंबड करतात. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. हे मासे बहुतांशी महासीर जातीचे आहेत, म्हणजे ज्याला हौशी मासेमारांनी पुढे नदीतला सर्वांत झुंजार मासा ठरवले, तीच ही जात. मोठे खवले, जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या असलेला हा मासा वाहत्या, खडकाळ, प्राणवायूने समृद्ध पाण्यात वाढतो. या डोहांवरचा भाविक आमिष टाकतो, मासा वर येण्याची वाट पाहतो आणि तो आला की हरखतो; गळाच्या छंदातला आनंद बव्हंशी त्याला मिळतो, केवळ काटा तेवढा नसतो.

या माशाला शास्त्रीय नाव मिळाले तेही मराठी मुलखातच. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत होता. दख्खनच्या माशांवरील त्याचे लेखन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराला त्याने 'बार्बस खुद्री' असे नाव दिले. आज तो 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. साइक्सची पद्धत अशी होती की लॅटिन नावाचा दुसरा शब्द पुष्कळदा स्थानिक मच्छीमारांच्या तोंडून घ्यायचा, त्यामुळे खुद्री, सिंघाला, कोलस, फुलंगी हे दख्खनी नदीकाठचे उच्चार जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. मानसोल्लासात घडले तेच येथे पुन्हा घडले : ज्ञान मच्छीमारांचे, ग्रंथ दुसऱ्याचा. फरक एवढाच की या वेळी शब्दही त्यांचेच राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी महासीराला आपल्या देशातील सामन माशाच्या जोडीला बसवले आणि गळाच्या मासेमारीला प्रथमच नियम, साहित्य आणि प्रतिष्ठा मिळाली. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरहून प्रसिद्ध केले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकाने आणि त्यानंतरच्या लेखनाने हौशी मासेमाराला नवे काही शिकवले ते बारकाव्यांच्या बाबतीत. महासीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि गिळलेली वस्तू तो त्या दातांच्या दाबाने चिरडतो. त्यामुळे इंग्लंडातल्या माशांसाठी घडवलेले नाजूक गळ त्याच्या घशात वाकत किंवा तुटत, आणि जाड पोलादी गळ वापरणे भाग पडे. पहिल्या झेपेत तो शेकडो फूट दोरी ओढून नेतो, म्हणून काठीच्या बुडाशी भरपूर दोरी गुंडाळलेले चक्र लावावे लागते. पाण्यात चमकत फिरणारा धातूचा चमचा त्याला लहान मासा वाटतो, पण कणकेची गोळीही त्याला तितकीच चालते. दक्षिणेत कावेरीवर नाचणीच्या पिठाची शिजवलेली गोळी हे आमिष रूढ झाले आणि ते पार विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकले. साहेबाची काठी परदेशी असली तरी गळाच्या टोकाला लावायची वस्तू स्थानिक चुलीवरच शिजत होती, आणि डोह दाखवणारा, नाव वल्हवणारा, मासा थकल्यावर पाण्यात उतरून तो उचलणारा माणूसही स्थानिकच होता. छायाचित्रात आणि विक्रमांच्या यादीत मात्र नाव काठी धरणाऱ्याचे राहिले. अशा विक्रमांत सर्वांत गाजलेला म्हणजे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेंढा भरणाऱ्या घराण्यातील एकाने १९४६ साली धरलेला १२० पौंडांचा महासीर.

या छंदाला एक बाजू संरक्षणाचीही होती आणि ती निव्वळ परोपकाराची नव्हती. नदीत सुरुंगाचे तोटे टाकणे किंवा गेळफळासारख्या वनस्पती ठेचून पाणी विषारी करणे या रीतींनी एका फटक्यात लहान-मोठे सर्व मासे मरतात, म्हणून थॉमससारखे अधिकारी आणि 'फिशेस ऑफ इंडिया' या ग्रंथाचा कर्ता फ्रान्सिस डे यांनी मत्स्यसाठ्याच्या नाशाबद्दल सरकारला अहवाल दिले. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष यांचा वापर गुन्हा ठरवला. सुरुंगाबाबत हे योग्यच होते. परंतु वनस्पतींच्या चिकाने किंवा फळांनी उन्हाळ्यात आटलेल्या डोहातले मासे धरणे ही अनेक आदिवासी समाजांची जुनी सामुदायिक रीत होती, आणि तीही त्याच कलमांखाली आली. गळ हे शिष्टसंमत साधन आणि इतर साधने नासधूस करणारी, अशी उतरंड कायद्याच्या आश्रयाने तयार झाली, आणि दरबारी विनोदाला जे साधले नव्हते ते साहेबाच्या छंदाला साधले : त्याने मासे धरण्याच्या योग्य-अयोग्य रीती ठरवल्या.

मुंबई हे या छंदाच्या लेखनाचे आणि संघटनेचे एक केंद्र बनले. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकारी आणि मासेमार यांचे अनुभव शास्त्रीय टिपणांच्या शेजारी छापले जात, आणि महासीर व इतर झुंजार मासे कसे धरावेत यावरील मॅकडोनल्ड यांचे पुस्तक या संस्थेने १९४८ साली, म्हणजे साहेब निघून गेल्यावर, प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला पवई तलाव पिण्याच्या कामी फारसा उपयोगी पडला नाही, पण गळ टाकणाऱ्यांच्या संघटनेला तो उपयोगी पडला आणि स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या रूपाने तेथील परंपरा चालू राहिली. परवाना, सभासदत्व, धरलेल्या माशांची मोजदाद ही चौकट जुनीच होती, काठ्या मात्र आता पारशी, ख्रिस्ती, मराठी, गुजराती अशा शहरी मध्यमवर्गीयांच्या हाती होत्या.

याच सुमारास महासीर दख्खनच्या नद्यांतून कमी होऊ लागल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. धरणांनी त्याचे अंडी घालण्यासाठी वर चढण्याचे मार्ग अडवले होते, आणि सुरुंग कायद्याला न जुमानता चालूच होते. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या प्रजननाचा अभ्यास हाती घेतला. १९४० साली मुंबई परिसरातील एका इवल्याशा माशाला 'होराइक्थिस' हे नाव देऊन त्यांनी ज्यांचा गौरव केला होता, ते मत्स्यविनोदाचे अभ्यासक सुंदरलाल होराच होत. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या आश्रयाने १९७० च्या दशकात महासीराचे बीजोत्पादन केंद्र उभे राहिले, तेथे पिकलेल्या मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवायची, असे काम चाले. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी असेही दाखवून दिले की ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात. ज्या माशाला धरण्यासाठी तीन पिढ्यांनी दोरी, चक्र आणि पोलाद सुधारले होते, तो आता कापसाच्या घडीतून प्रवास करू लागला.

या प्रवासाचा शेवट मात्र कोणी कल्पिला नव्हता असा झाला. कावेरीवर १९७० च्या दशकापासून हौशी मासेमारांनी धरलेला मासा तोलून, छायाचित्र घेऊन परत पाण्यात सोडण्याची रीत स्वीकारली; पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या स्थानिकांना वाटाडे आणि राखणदार म्हणून काम दिले गेले, आणि मासा जिवंत राहण्यात गावाचा फायदा निर्माण झाला. साठा वाढावा म्हणून लोणावळ्याची पिल्लेही तेथे सोडण्यात आली. परंतु कावेरीचा मूळ महासीर वेगळा होता, पाठीवर उंचवटा असलेला, ज्याची १२० पौंडांची नोंद वर आली आहे तो. १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या नोंदवह्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दख्खनी खुद्रीची संख्या वाढत असताना हा स्थानिक मासा घटत गेल्याचे दिसून आले. पुढे २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी निश्चित झाली, आणि आज तो अत्यंत संकटग्रस्त गणला जातो. मुळा-मुठेकाठी नाव मिळालेला मासा अशा रीतीने कावेरीत उपरा ठरला, आणि हे उघड झाले तेही हौशी मासेमारांनी चोख ठेवलेल्या वह्यांमुळेच.

दरम्यान कायद्यानेही भूमिका बदलली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील प्राणी या संज्ञेत २००२ च्या दुरुस्तीने माशांचा स्पष्ट समावेश झाला, आणि शिकार या संज्ञेत पकडणेही येत असल्याने अभयारण्यात मासा धरून सोडणे हीसुद्धा शिकार ठरली. कावेरीवरील गळाची शिबिरे त्यानंतर बंद झाली. सोमेश्वराच्या ग्रंथात मत्स्यविनोद आणि मृगयाविनोद ही शेजारची पण वेगळी प्रकरणे होती, कायद्याने ती एक केली, आणि तसे करताना नकळत सोपाऱ्याच्या शिलालेखाच्या बाजूला कौल दिला. ज्या मुळा-मुठेत साइक्सला खुद्री मिळाला तेथे आज शहराचे सांडपाणी वाहते, आणि तेथे मासा धरावा की सोडावा हा प्रश्नच उरलेला नाही. वाळणकोंडात मात्र कुरमुऱ्यांची मूठ पाण्यावर पडली की तो अजूनही वर येतो.